आवडलं, पण का?

आठवडाभर कोणतं गाणं डोक्यात घोळत राहिलं, कोणतं कॉमिक एका बैठकीत संपवलं, कोणत्या सिनेमातून बाहेर आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटेना, हे चार माणसांना सांगणं आज इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे काही इतिहास असेल असं मनातच येत नाही. तो आहे, आणि त्यातला बराचसा पोस्टकार्डांवर लिहिला गेला.

त्याआधी होती ती दाद. बैठकीत समेवर मान हलायची, हात वर जायचा, तोंडून 'वा' निघायचं आणि तिथेच हिशेब पुरा व्हायचा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं वेड लागलं. मग या दादेला 'वन्समोअर'चं रूप मिळालं. प्रेक्षक गाणं पुन्हा मागत, नट ते पुन्हा म्हणत, कथानक तोवर थांबून राही. पण दाद म्हणजे 'आवडलं' एवढंच. का आवडलं, हे सांगायची सोय तिच्यात नव्हती.

ते सांगायला बसले केशवराव भोळे. 'वसुंधरा' साप्ताहिकात त्यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने आपल्या काळच्या गायकांवर लिहिलं. त्या लेखांचं 'आजचे प्रसिद्ध गायक' हे पुस्तक १९३३ साली आलं. टोपणनाव मला फार बोलकं वाटतं: गुरूसमोर न बसता, लांबून ऐकून शिकलेला. भोळे स्वतः गाणारे होते, पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीचे संगीतकार झाले. तरी हे लेखन श्रोत्यांत बसलेल्या माणसाचं आहे.

बाकीच्यांच्या हाती लेखणी आली ती रेडिओमुळे, आणि तीही एका बंदीवजा धोरणातून. १९५२ साली माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं. केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर जीव असलेले. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं मत होतं, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ गायब झाली. लोकांनी काटा फिरवला आणि श्रीलंकेचं रेडिओ सिलोन पकडलं. ३ डिसेंबर १९५२ ला तिथून दर बुधवारी रात्री लागणारी सिनेगीतांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सायानींनी सुरुवातीला स्पर्धा ठेवली होती: सात गाणी ऐकायची आणि ती काळानुसार कोणत्या क्रमाने आली होती ते कळवायचं, बक्षीस १०० रुपये. पन्नासेक पत्रं येतील असा अंदाज होता, आली ९,०००. पुढे स्पर्धा गेली आणि लोकप्रियतेनुसार क्रम लावणं सुरू झालं; त्यात रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं धरली जात. केसकरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी अभिजात संगीतासाठी आकाशवाणीवर खरोखर खूप केलं. पण लोकांना काय आवडतं हे लोकांनाच विचारायला हवं, हे त्यांच्या हिशेबात बसलं नाही. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीची, सिनेगीतं लावणारी 'विविध भारती' सुरू झाली, तोवर बुधवारची रात्र सिलोनची झाली होती.

मराठीत हे काम आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'ने केलं. गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. नावांच्या त्या लांबलचक यादीत आपलं गाव ऐकू येणं म्हणजे घरात दिवाळी.

माझ्या आत्याकडे या फर्माइशीच्या पोस्टकार्डांची एक वही होती. कार्ड टाकण्याआधी ती मजकूर वहीत कच्चा लिहून बघायची. एका कार्डावर गाण्याचं नाव, तिचं नाव, गाव, आणि खाली दाटीवाटीने: 'हे गाणं लागलं की आई दळायला बसलीय असं वाटतं.' रेडिओवर वाचलं जायचं फक्त नाव आणि गाव. ती ओळ वाचायला तिथे वेळ नव्हता. ती हे जाणून होती, तरी प्रत्येक कार्डावर लिहायचीच.

कॉमिक्सच्या वाट्याला तर एवढंही आलं नाही. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स काढली. मराठी आवृत्तीमुळे वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक घराघरांत पोचले. १९९० पर्यंत ८०३ अंक निघाले. वेताळाचा मूळ 'बंगाला' देश इथे 'डेंकाली' का झाला, तर बंगालशी नाव जुळू नये म्हणून. अशा बारीक गोष्टी पोरांना तोंडपाठ असत. वाचनालयात अंक परत करायच्या रांगेत, जिन्यात, मधल्या सुट्टीत त्यावर तासन्‌तास चर्चा चालायची. आमच्या मास्तरांनी मात्र कॉमिकला कधी पुस्तक म्हटलं नाही, आणि आम्हीही ती चर्चा लिहून ठेवावी असं आम्हाला कधी वाटलं नाही. याची मला आजही हळहळ वाटते.

'का' हा प्रश्न शिकवायचा विषय झाला तो सिनेमात. पुण्यात जिथे 'प्रभात'चा स्टुडिओ होता, तिथेच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. प्रा. सतीश बहादुर इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवत. सिनेमाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवायचा आणि विचारायचं, इथे तुला काय दिसलं? मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी स्थापन झाली. तिच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकातून सिनेमावर मराठीत सविस्तर लिहिलं जाऊ लागलं. 'रसास्वाद' हा शब्द मला 'समीक्षे'पेक्षा जवळचा वाटतो. त्यात चाखणारा माणूस हजर असतो.

आत्या यातल्या कशालाच गेली नाही. तिच्या वहीत थिएटरबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या खोचलेल्या आहेत. आत थोडक्यात कथानक, आणि ऐन रंगात आल्यावर 'पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा'. त्या ओळीच्या खाली तिने पेन्सिलीने आपलं काहीबाही लिहिलंय. एकीवर एवढंच आहे: 'दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा एकटीने.'