फडकवला तर गुन्हा, जाळला तर गुन्हा

१६ ऑगस्टला सकाळी कोणत्याही गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात जाऊन बघा. आदल्या दिवशीचे कागदी झेंडे चिखलात पडलेले असतात. एखादा म्हातारा दोन-चार उचलून बंडीच्या खिशात घालतो. पुढं त्यांचं काय करायचं, हे त्यालाही ठाऊक नसतं. ध्वजसंहितेचं उत्तर असं, की फाटका, मळलेला झेंडा एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा. तोच झेंडा चौकात, लोकांसमोर जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जाळणं तेच, फरक कोणासमोर जाळता आणि का जाळता, एवढाच. कायद्याचा सगळा वाद या फरकाभोवती फिरतो.

आमच्या विदर्भात मात्र या गोष्टीची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. १९२३ साली नागपुरात गुन्हा होता तो झेंडा घेऊन चालण्याचा. गोऱ्या साहेबांच्या सिव्हिल लाइन्समध्ये चरख्याचा झेंडा न्यायला मनाई होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सत्याग्रह उभा केला. रोज तुकड्या निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. पुढं १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टीत गोळीबार झाला. आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले होते. म्हणजे १६ ऑगस्ट ही आमच्याकडे नुसती झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख नाही.

स्वातंत्र्यानंतर झेंडा सरकारचा झाला आणि त्याचं रक्षणही सरकारकडे गेलं. १९५० च्या कायद्यानं धंद्यासाठी झेंडा, राष्ट्रीय बोधचिन्हं, नावं वापरायला आळा घातला. अपमानाचा खरा कायदा आला १९७१ मध्ये. त्याआधी १९५७ साली मद्रास राज्यानं असाच कायदा केला होता, तो तिथले समाजसुधारक पेरियार यांनी संविधान जाळण्याची हाक दिली म्हणून. १९७१ च्या कायद्यात जाळणं, फाडणं, तुडवणं आहेच, शिवाय बोलून किंवा लिहून तिरस्कार दाखवणंही आहे. झेंडा म्हणजे नुसतं कापडही नाही, त्याचं चित्र, फोटोसुद्धा. पण एक स्पष्टीकरण फार कमी लोकांना माहीत असतं. झेंड्यात किंवा सरकारच्या कामात कायदेशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा गुन्हा नाही. टीकेला जागा आहे, पण काडेपेटीला नाही.

अमेरिकेत याच्या उलट झालं. १९८४ मध्ये डॅलसला ग्रेगरी जॉन्सननं निषेध म्हणून झेंडा जाळला. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की निषेधाची ही कृती म्हणजे अभिव्यक्तीच आहे. संसदेनं लगेच नवा कायदा केला, तोही १९९० मध्ये तितक्याच मतांनी पडला. मग संविधानच बदलायचं ठरलं. २००६ मध्ये सिनेटमध्ये ते एका मतानं हुकलं. डेन्मार्कची तर वेगळीच गंमत. तिथं स्वतःचा झेंडा जाळला तर गुन्हा नाही, परक्या देशाचा जाळला तर आहे. शेजाऱ्याशी भांडण नको, हा हिशेब.

आपल्याकडचा मोठा निकाल जाळण्यावर नाही, फडकवण्यावर आला. पूर्वी सामान्य माणसाला ठराविक दिवस सोडून झेंडा लावता येत नव्हता. उद्योजक नवीन जिंदाल यांनी आताच्या छत्तीसगडमधल्या रायगढच्या आपल्या कारखान्यावर लावला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झेंडा मानानं फडकवणं हा अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग मानला. १९२३ चे सत्याग्रही हे वाचायला हवे होते.

त्यानंतर नियम सैल होत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर विणलेला, पॉलिस्टरचाही झेंडा चालेल असं ठरलं. २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' आला आणि घराघरावर झेंडे लागले. कापूस पिकवणाऱ्या मुलखात पॉलिस्टरचा तिरंगा बघून सेवाग्रामच्या एखाद्या जुन्या खादीवाल्याला काय वाटलं असेल, ते सोडा.

झेंडे वाढले तशा चुकाही वाढल्या. कुठं दोरीची गाठ अडकते, कुठं घाईत केशरी पट्टा खाली जातो, आणि कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून तक्रार करायला निघतो. कायद्याचा मजकूर तेवढा उतावळा नाही. झेंडा उलटा लावणं, जमिनीला टेकू देणं, या दोन्हींच्या आधी त्यात 'हेतुपुरस्सर' असा शब्द आहे. तो शब्द नसता तर दर १५ ऑगस्टला निम्मे सरपंच आणि सगळी पहिलीची पोरं आरोपी झाली असती.