अमेरिकेतल्या शिक्षकांची कर्जमाफी: फॉर्म भरण्याआधी हिशेब मांडा

‘पाच वर्षं शिकवलं की स्टुडंट लोन माफ’ असं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. ‘टीचर लोन फर्गिव्हनेस’ या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, योजनेत माध्यमिक शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांना आणि स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षकांना जास्तीत जास्त 17,500 डॉलर माफ होतात. बाकीच्या पात्र शिक्षकांना 5,000, बस्स.

पाचही वर्षं सलग, पूर्ण आणि पूर्णवेळ हवीत. बॅचलर्स पदवी आणि राज्याचं पूर्ण सर्टिफिकेशन लागतं, तात्पुरती सूट घेऊन शिकवत असाल तर चालत नाही. शाळा ना-नफा खासगी असली तरी हरकत नाही, पण कमी उत्पन्न गटातल्या शाळांच्या सरकारी डिरेक्टरीत तिचं नाव असायला हवं. कुणाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका, वर्ष निवडून स्वतः शोधा. पहिल्या वर्षी नाव होतं, नंतर गळलं, तर घाबरायचं कारण नाही: त्याच शाळेतली पुढची वर्षंही धरली जातात.

फेडरल कर्जांपैकी डायरेक्ट किंवा स्टॅफर्ड प्रकारचं कर्ज हवं, तेही पाच वर्षं संपायच्या आत घेतलेलं. प्लस आणि पर्किन्स ही दुसरी फेडरल कर्जं यात बसत नाहीत. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज तर नाहीच. एफ-1, जे-1 किंवा एच-1बी व्हिसावर मुळात फेडरल कर्जच मिळत नाही, त्यामुळे हा विषय बहुतांशी ग्रीन कार्डवाल्यांचा आणि नागरिकांचा.

अर्ज पाच वर्षं झाल्यावरच, लोन सर्व्हिसरकडे, म्हणजे कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे, करायचा. त्यातला एक भाग शाळेच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याने भरून सही करायचा असतो. मधे शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेचीही सही लागते. म्हणून नोकरी सोडतानाच ती घेऊन ठेवलेली बरी, पुढे मुख्याध्यापक बदलले की ईमेल करत बसावं लागतं.

आता खरी गोम. सरकारी आणि ना-नफा संस्थांत काम करणाऱ्यांसाठी ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ ही दुसरी फेडरल योजना आहे. तिच्यात 120 पात्र मासिक हप्ते भरले की डायरेक्ट कर्जाची उरलेली सगळी रक्कम माफ होते. पण नोकरीचा एकच काळ दोन्ही योजनांना चालत नाही. समजा, प्राथमिक शिक्षिकेवर 60,000 डॉलरचं कर्ज आहे आणि ती उत्पन्नानुसार हप्ता भरते आहे. पाच वर्षांनी तिने 5,000 घेतले, तर त्या काळातले 60 हप्ते दुसऱ्या योजनेच्या मोजणीतून गेले. दहा वर्षांचं काम पंधरावर गेलं! माझ्या मते तिने त्या 5,000 कडे बघूही नये. उलट गणिताच्या शिक्षकावर 16,000 च उरले असतील, तर पाच वर्षांत मोकळं व्हावं.

या दुसऱ्या योजनेचा दहा वर्षांचा रस्ता धरलात तर तुमची नोकरी पात्र असल्याचं सर्टिफिकेशन दरवर्षी करून घ्या. त्यासाठी लागणारा एम्प्लॉयर नंबर डब्ल्यू-2 या पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवरच छापलेला असतो.