हत्ती, कोळी आणि चार चित्रं

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये माझी सहावीतली भाची आईचा मोबाइल घेऊन बसली होती. पडद्यावर चार चित्रं होती: पेटलेली आगकाडी, ज्वालामुखी, शेकोटी आणि आगीचा बंब. खाली चार रिकामे चौकोन, त्यांच्याखाली बारा इंग्रजी अक्षरं. चित्रं दिसल्याबरोबर ती म्हणाली, "जाळ!" शेजारच्या बाई फोनात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बेंकी." दोघींचं उत्तर बरोबर होतं आणि खेळाला दोन्हीपैकी एकही चालत नव्हतं. 'फायर' आठवेपर्यंत पिरनवाडी येऊन गेली.

'फोर पिक्स वन वर्ड' हा खेळ जर्मनीतल्या लोटम या कंपनीने २०१३ साली आणला. चार चित्रांत समान काय ते ओळखायचं आणि तो शब्द अक्षरं लावून भरायचा, इतकंच. त्याच्या आदल्या वर्षी 'ड्रॉ समथिंग' गाजून गेला होता. त्यात एकाने बोटाने चित्र काढायचं आणि दुसऱ्याने शब्द ओळखायचा. त्याचं मूळ १९८५ च्या 'पिक्शनरी' या घरात बसून खेळायच्या खेळात आहे. रिकाम्या चौकोनांची सवय त्याहून जुनी. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांचं शब्दकोडं छापून आलं आणि तिथून ते जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि असे खेळ खेड्यापाड्यांत पोचले.

पण चित्रावरून शब्द ओळखणं हे लिपीइतकंच जुनं आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० च्या एका कोरीव पाटीवर राजाच्या नावाच्या जागी एक मिशाळ मासा आणि एक छिन्नी आहे. त्यांच्या भाषेत माशाला 'नार' आणि छिन्नीला 'मेर' म्हणत, म्हणून राजा नारमेर. इथे मासा म्हणजे मासा उरला नाही, त्याचा फक्त उच्चार घेतला. वस्तूचं चित्र काढून तिचा आवाज उचलायचा ही युक्ती सापडली, तेव्हाच माणसाला काहीही लिहिता येऊ लागलं. युरोपात याच युक्तीला 'रीबस' म्हणतात.

आपल्याकडे ओढ उलट्या बाजूने आहे. चौसष्ट कलांच्या यादीत 'प्रहेलिका' म्हणजे कोडी घालणं आहे, आणि दंडी या संस्कृत पंडिताने 'काव्यादर्श' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. 'उखाणा' म्हणजेही मुळात कोडंच. नवऱ्याचं नाव घेण्यापुरता तो नंतर उरला. माझी आजी जेवणं झाल्यावर अंगणात कोडी घालायची. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" म्हणत ती वर बघायची, आणि आम्ही ओरडायचो, "चांदण्या नि चंद्र!" "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" हे ऐकलं की धाकटा जीभ बाहेर काढून दाखवायचा. आजी शब्दांनी चित्र काढत होती. मोबाइल चित्रं समोर ठेवतो आणि शब्द मागतो. वाट तीच, फक्त आजी एका टोकाकडून निघायची आणि हा खेळ दुसऱ्या टोकाकडून.

आता खरी अडचण. हा खेळ मराठीत खेळायचा तर 'हत्ती'ला चौकोन किती? आपण दोन म्हणू: ह आणि त्ती. मराठी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणारा प्रत्येक माणूस असंच भरतो. संगणकाच्या हिशेबी मात्र तो शब्द पाच तुकड्यांचा आहे: ह, त, हलंत, त आणि वेलांटी. १९९१ मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकासाठी जगभरच्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने, देवनागरीची मांडणी केली ती १९८८ च्या भारतीय इस्की या प्रमाणावरून, आणि त्यात मात्रा, वेलांट्या, हलंत यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. लिहायला आणि साठवायला ती मांडणी उत्तम आहे. पण खेळ करणाऱ्याने तेच तुकडे सरळ चौकोनात टाकले, तर पोरांच्या पुढ्यात सुटी वेलांटी आणि एकटं हलंत येतं. माझ्या भाचीने असा एक मराठी खेळ उघडला आणि पाच मिनिटांत बंद केला. तिचं चुकलं नाही. शिवाय इंग्रजीत सव्वीस अक्षरांतली बारा दिली की काम भागतं. आपली चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर जोडाक्षरं सोडूनच चारशेच्या वर आकार होतात. हे जमवणं अशक्य नाही. त्यासाठी अक्षर म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस त्या कामावर बसायला हवा, आणि तसा माणूस बसावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागात हे जास्त टोचतं, कारण इथलं पोर एका दिवसात तीन लिप्या वाचतं. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सगळा इतिहास घराघरात बोलला जातो, इथे त्याचा एवढाच संबंध की बसची पाटी कन्नडमध्ये, वही मराठीत आणि मोबाइल इंग्रजीत असतो. चित्र तेवढं तिन्हींच्या अलीकडचं. ते बघायला कुठलीच लिपी लागत नाही.

आणि मग गंमत सुरू होते. आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड बोलणारी. मराठीत हत्ती म्हणजे सोंडेचा हत्ती, कन्नडमध्ये 'हत्ती' म्हणजे कापूस, आणि सोंडवाल्याला ते 'आने' म्हणतात. आपला कोळी जाळं विणतो, नाहीतर टाकतो. कन्नडमध्ये 'कोळी' म्हणजे कोंबडी. नारमेरच्या माशाचं जे झालं तेच इथे होतं. आवाज एक आणि चित्रं दोन, फक्त दोन्ही चित्रं एकाच गल्लीत राहतात. सुपारी कातरायचा आपला अडकित्ता तर तिकडूनच आला. कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' म्हणतात, हे कळल्यावर भाचीने आजीच्या पानाच्या डब्यातून अडकित्ता काढून बराच वेळ उलटसुलट बघितला.

मागच्या सुट्टीत तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा खेळ केला. डाव्या बाजूला हत्ती, उजव्या बाजूला फुटलेलं कापसाचं बोंड, खाली दोन चौकोन. तिच्या आईने "पांढरा" म्हणून बघितलं, मी "मऊ" म्हणालो. समोरच्या घरातली तिची मैत्रीण आली, दोन चित्रांकडे बघून एकदम हसली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या चौकोनात 'ह' लिहिला. दुसऱ्या चौकोनात तिने कन्नड लिपीतला 'त्ती' काढला. भाचीने तो खोडला नाही. पान उलटून ती कोंबडी काढायला बसली, आणि कोळ्याला पाय किती असतात ते तिने मला विचारलं.