जोडवस्तू (ऑनलाइन विक्री)

मुख्य वस्तू घेणाऱ्या ग्राहकाला त्याच व्यवहारात, बहुधा त्याच पानावर, देऊ केलेली दुसरी वस्तू किंवा सेवा. ती घ्यायची की नाही हे ग्राहक ठरवतो आणि घ्यायची झाल्यास तिचे माप, रंग, घडण यांतले पर्यायही तोच निवडतो. साडीबरोबरचे फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई आणि परकर, केकवरचा मजकूर आणि मेणबत्त्या, मोबाइलचे कव्हर, रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर १ सप्टेंबर २०१६ पासून ९२ पैशांत मिळू लागलेला ऐच्छिक प्रवास विमा ही तिची परिचित रूपे होत. व्यवहारात ‘अ‍ॅड-ऑन’ हाच शब्द रुळला आहे.

संज्ञा : ‘जोडवस्तू’ हा शब्द ‘जोडधंदा’च्या वळणाचा आहे. अर्थशास्त्रातील ‘पूरक वस्तू’शी त्याची गल्लत होते. चहा आणि साखर दोन वेगळ्या दुकानांतून घेतली तरी पूरकच राहतात. जोडवस्तू मात्र विक्रेत्याने जोडल्यावाचून होत नाही. भाजीवाल्याने पिशवीत फुकट टाकलेला कढीपत्ताही या संज्ञेत बसत नाही, कारण तिथे ना निवड असते ना किंमत. ‘प्रकार’ म्हणजे त्याच वस्तूचे दुसरे माप किंवा रंग. प्रकार आणि जोडवस्तू यांतली सीमारेषा दिसते तितकी ठळक नाही आणि या विषयातील बहुतेक तांत्रिक व कायदेशीर वाद तिच्याभोवतीच फिरतात.

उगम : याबद्दल एकमत नाही. एक मत असे, की गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराचे ‘आणखी काय देऊ?’ तेवढे संगणकावर गेले. या मताच्या पुष्टीसाठी बिअर आणि बाळाच्या लंगोटांची गोष्ट हमखास सांगितली जाते : संध्याकाळी लंगोट घ्यायला आलेले पुरुष बिअरही नेतात हे एका अमेरिकी दुकानाला संगणकाने दाखवले आणि त्याने दोन्ही वस्तू शेजारी मांडून विक्री वाढवली. गोष्टीचे मूळ १९९२ च्या सुमारास टेराडेटा कंपनीच्या लोकांनी ऑस्को ड्रग या दुकानसाखळीसाठी केलेल्या विश्लेषणात असल्याचे मानतात. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत असा संबंध आढळला होता, पण मांडणी बदलल्याचा भाग मागाहून चिकटलेला दिसतो. भक्कम पुरावा आहे तो १९९३ चा. राकेश अगरवाल, टोमाश इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांनी मोठ्या विक्रीनोंदींतून ‘हे घेणारा तेही घेतो’ अशा स्वरूपाचे नियम शोधण्याची रीत त्या वर्षी मांडली. अ‍ॅमेझॉनने १९९८ च्या सुमारास वापरात आणलेली वस्तू-ते-वस्तू तुलनेची पद्धत २००३ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. या साऱ्यातून कोणती वस्तू पुढे करावी हे कळते. तिचे पर्याय कसे मांडावेत याचे उत्तर मिळत नाही.

दुसरे मत पर्यायांच्या मांडणीपासून सुरुवात करते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडर्मट यांनी १९७८ पासून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनवणाऱ्या कंपनीसाठी ‘आर१’ ही प्रणाली रचली. तिलाच पुढे ‘एक्सकॉन’ म्हणू लागले. त्या कंपनीच्या व्हॅक्स संगणकाची मागणी आली की त्यासोबत कोणती केबल, कोणते कपाट, किती वीजपुरवठा लागेल हे ती नियमांच्या आधारे ठरवी. १९८० पासून ती कारखान्यात वापरात होती आणि तिचे नियम पुढे काही हजारांवर गेले. त्याआधी विक्रेत्यांनी लिहून घेतलेल्या मागण्यांत एखादा भाग राहून जाई आणि यंत्र ग्राहकाकडे अर्धवट पोहोचे. ‘हे निवडले तर ते लागेलच, आणि अमुक चालणार नाही’ अशी बंधने संगणकाने सांभाळावीत, ही कल्पना इथे पक्की झाली. डेल या संगणक-कंपनीने १९९६ मध्ये संकेतस्थळावरून विक्री सुरू केल्यावर तीच निवड ग्राहकाच्या हाती आली : मेमरी इतकी, डिस्क तितकी, आणि बाजूला बदलत जाणारी किंमत. जोडवस्तू सुचवण्याचा वारसा गल्ल्याकडून आला असला, तरी निवडीयोग्य पर्यायांचा वारसा या दुसऱ्या परंपरेतूनच आला असावा, हे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे.

नोंद-रचना : मार्च २००० मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या ओएस-कॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या मुक्त प्रणालीत वस्तूच्या नोंदीला ‘गुणधर्म’ जोडता येत. प्रत्येक गुणधर्मापुढे एक रक्कम आणि अधिक किंवा उणे असे चिन्ह असे. मूळ किमतीत ती रक्कम मिळवली किंवा वजा केली, की काम झाले. रचना सुटसुटीत होती. मात्र लाल रंगाचे किती नग उरले हे गुणधर्माला माहीत नसे. दुसऱ्या रचनेत पर्यायांच्या प्रत्येक जुळणीची स्वतंत्र नोंद होते आणि तिला स्वतःचा साठा-क्रमांक मिळतो. शॉपिफाय (२००६) आणि वूकॉमर्स (२०११) या दुकान-प्रणालींच्या मूळ ‘प्रकार’ रचना या वळणाच्या आहेत. तिसरी रचना मॅजेन्टो (२००८) या तशाच प्रणालीच्या ‘बंडल’ म्हणजे संच प्रकारात दिसते : प्रत्येक पर्याय हीच एक आधीपासून नोंदलेली स्वतंत्र वस्तू असते आणि संच तिच्याकडे केवळ बोट दाखवतो.

फरक कळायला साडीचे उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका दुकानात ब्लाउजच्या गळ्याचे ६, बाहीचे ४, छातीच्या मापाचे ८ आणि अस्तर हवे-नको असे २ पर्याय आहेत. परकराची ३ मापे आणि १० रंग आहेत. ब्लाउजच्या जुळण्या ३८४, परकराच्या ३०. दोन्ही ‘नको’ म्हणण्याची सोय धरली तर ३८५ गुणिले ३१, म्हणजे ११,९३५ नोंदी झाल्या, आणि त्याही एका साडीसाठी. गुणधर्म म्हणून लिहिले तर ३३ ओळींत भागते. शॉपिफायने एका वस्तूला ३ पर्याय-गट आणि १०० प्रकार ही मर्यादा दीर्घकाळ ठेवली होती. प्रकारांची मर्यादा नंतर २,०४८ वर नेली. वरचा ब्लाउज चार गटांचा असल्याने तो एकटाही जुन्या चौकटीत मावत नव्हता. म्हणून अशी दुकाने बहुधा वेगळी जोडप्रणाली (प्लग-इन) बसवतात. वूकॉमर्सच्या अशा जोडप्रणालीत रकमेच्या तीन रीती आहेत : नग कितीही असोत एकदाच आकारायची, नगागणिक आकारायची, किंवा मूळ किमतीच्या टक्क्यांत धरायची. टक्केवारीची रीत शिलाईला लावली की पैठणीच्या ब्लाउजची मजुरी सुती साडीच्या ब्लाउजच्या कितीतरी पट होते. टाके तितकेच पडतात.

निवडीने साठा घटत असेल तर स्वतंत्र नोंद, आणि निवडीने केवळ काम बदलत असेल तर गुणधर्म, हा नियम त्यातल्या त्यात टिकाऊ वाटतो. परकर कपाटातून निघतो, म्हणून तो वस्तू. मटका गळा कपाटात नसतो. गोंडे मात्र अधेमधे राहतात : तयार आणून पदराला लावले तर साठा, जागेवर वळले तर काम.

साडीबरोबर येणारे ब्लाउजचे कापड बहुधा साडीच्याच टोकाला विणलेले असते. शिलाई निवडताच ते कापले जाते आणि मुख्य वस्तू कायमची बदलते. मोबाइलच्या कव्हराने मोबाइल बदलत नाही, परकराने साडी बदलत नाही, शिलाईने बदलते. परगावच्या, विशेषतः परदेशातील मराठी ग्राहकासाठी शिंप्याकडे खेप घालण्याऐवजी हाच मार्ग असल्याने माप घेण्याचा सारा भार ऑनलाइन अर्जावर पडतो. ‘छाती ३६’ म्हणजे अंगाचे माप की शिवलेल्या ब्लाउजचे, हे पानावर स्पष्ट नसेल तर कपडा घट्ट किंवा सैल होण्याचा धोका राहतो. जाणती दुकाने आतल्या शिवणीत जादा कापड सोडतात आणि तसे पानावर लिहितात. शिवलेल्या नऊवारीला कंबर आणि उंची या दोन्हींची मापे मागतात. तिथे शिलाई हीच मुख्य वस्तू झाल्याने तिला जोड म्हणणे अवघड आहे.

कर : १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात हाच प्रश्न वेगळ्या नावाने येतो. स्वाभाविकपणे एकत्र येणाऱ्या आणि ज्यांत एक प्रमुख आहे अशा पुरवठ्यावर प्रमुखाचा दर लागतो. स्वाभाविक जोड नसलेल्या वस्तू एकाच किमतीत एकत्र दिल्या, तर त्यांतल्या सर्वांत चढ्या दराने कर बसतो. कायद्यातील दाखला मिठाई, चॉकलेट, सुका मेवा, फळांचा रस अशा एकत्र बांधलेल्या भेटखोक्याचा आहे. वस्तू वेगवेगळ्या पुरवल्या तर हा दुसरा नियम लागत नाही. जोडवस्तूची किंमत पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवणे हा म्हणूनच निव्वळ टापटिपीचा भाग राहत नाही.

संमती : ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे खरेदीची संमती ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतूनच नोंदवावी लागते, आधीच खूण केलेली चौकट चालत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहकहक्क निर्देशातील २२ वे कलम जादा रकमेबाबत याच आशयाचे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरील फसव्या रचनांच्या (डार्क पॅटर्न) १३ प्रकारांची यादी जाहीर केली. ग्राहकाच्या संमतीविना खरेदीच्या टोपलीत (कार्ट) वस्तू, सेवा किंवा देणगी सरकवून देय रक्कम वाढवणे हा त्यांपैकी एक, आणि विमानाच्या तिकिटावर आपोआप चढणारा प्रवास विमा हे तिथलेच उदाहरण आहे. विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा शब्दांच्या बटणावर बोट ठेवायला लावणे हा ओशाळवण्याचा वेगळा प्रकार म्हणून नोंदला आहे. फुकट नमुना, तसेच खरेदीच्या वेळी सांगितलेले पोचवणुकीचे शुल्क यांना वगळले आहे. भेटवेष्टनाचे शुल्कही याच अपवादात येते, हे मात्र थोडे खटकते; वेष्टन ही तर उघडच निवडीची गोष्ट.

किंमत : अर्थशास्त्रज्ञ ग्लेन एलिसन (२००५) यांच्या प्रतिमानात (मॉडेल) जोडवस्तूंच्या चढ्या किमतीमुळे मुख्य वस्तूवरची स्पर्धा बोथट होते आणि एकूण नफा टिकतो. गॅबे आणि लेबसन (२००६) या अर्थशास्त्रज्ञांच्या मते जोडखर्च झाकलेला असतो, आणि बेसावध ग्राहकाच्या पैशावर सावध ग्राहकाला मुख्य वस्तू स्वस्त पडत असल्याने तो उघड करण्यात कोणत्याच विक्रेत्याला रस नसतो. पर्यायाशेजारीच रक्कम छापणाऱ्या दुकानाला पहिले प्रतिमान जवळचे वाटते. जिथे शिलाईचा आकडा थेट टोपलीत दिसतो तिथे दुसरे लागू पडते.

परतफेड : मुख्य वस्तू टोपलीतून काढली की तिची जोडवस्तूही निघाली पाहिजे, त्यासाठी दोघींच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असाव्या लागतात. केवळ सुचवणीतून आलेल्या वस्तूंत ही गाठ नसते, आणि साडी रद्द होऊनही परकर तेवढा घरपोच येतो. ब्लाउज शिवून दिलेली साडी बहुतेक दुकाने परत घेत नाहीत. फॉल लावलेल्या साडीबाबत रिवाज एकसारखा नाही : काही दुकाने तिला वापरलेली मानतात, काही फॉल उसवून परत घेतात.