वय बोलतं की जन्मवर्ष?

इंदूरच्या रामबागेतलं एक मराठी घर डोळ्यांपुढे आणा. आजोबा १९३९चे. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, त्यामुळे लोकसभेसाठी त्यांचं पहिलं मत १९६२चं. त्या वर्षी इंदूरने गिरणी कामगारांचे नेते होमी दाजी यांना निवडून दिलं. मुलगा १९७०चा. ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय १८वर आलं आणि १९८९मध्ये त्याने शाई लावून घेतली. सुमित्राताई महाजनांचा तो पहिला विजय. नात १९९५ची. २०१४मध्ये तिने पहिलं मत दिलं, तेव्हा ताई आठव्यांदा निवडून आल्या. जन्मापासून दुसरा खासदार तिने पाहिलाच नव्हता.

मतदानोत्तर पाहणीत या तिघांनी तीन वेगळे पक्ष सांगितले, तर कारण काय धरायचं? केस पिकल्यावर माणूस बदलतो, हे एक उत्तर. ऐन तारुण्यात जे पाहिलं ते मनात घर करून राहतं, हे दुसरं. आणि यंदाची हवाच तशी होती, हे तिसरं. म्हणजे वय, जन्मवर्ष आणि चालू वर्ष. खरी अडचण पुढे आहे. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय येतं. दोन आकडे कळले की तिसरा ठरलेलाच, म्हणून नुसत्या गणिताने ही तीन कारणं सुटी करता येत नाहीत. ‘तरुण अमुक पक्षाचे’ असं ठामपणे सांगणाऱ्या मथळ्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

ब्रिटनचं उदाहरण पाहा. कोणत्या वयापुढे मतदार लेबरपेक्षा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे जास्त झुकतो, हे यूगव्ह ही संस्था मोजते. २०१९मध्ये ते वय ३९ होतं, २०२४मध्ये ६३. पाच वर्षांत कुणी चोवीस वर्षांनी म्हातारं होत नाही! इथे हवा बदलली होती. उलट अमेरिकेत यायर गित्झा आणि अँड्र्यू गेलमन या संशोधकांना पिढीचा ठसा दिसला: अठराव्या वर्षी घडलेल्या राजकीय घटनांचं वजन चाळिशीतल्या घटनांच्या सुमारे तिप्पट.

भारतात लोकनीती या संशोधन उपक्रमाच्या निवडणूक पाहण्यांत वयाची दरी ब्रिटनपेक्षा बरीच अरुंद दिसते. जात, धर्म आणि प्रदेश वयाला आडवे छेदतात. शिवाय मतदान यंत्र वय नोंदवत नाही. जे कळतं ते दारोदार विचारूनच. म्हणून रामबागेतल्या त्या दारात वयाच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं: आजोबा, तुम्ही पहिलं मत कोणत्या साली दिलंत, आणि तेव्हा गावात काय चाललं होतं?