भूकंप, अफवा आणि पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र

साताऱ्यात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग माझ्या मनात आत्ता काय चाललंय, सांग बघू!" मुलं हसून वेळ मारून नेतात आणि घरी जाऊन वेदन, संवेदन, अवधान, अभिसंधान, प्रबलन यांच्या व्याख्या घोकत बसतात. हे शब्द तोंडात खड्यासारखे लागतात. त्यांच्यामागे कोणाची भांडणं होती, कोणाची फजिती होती, हे नोट्समध्ये सहसा येत नाही.

विषयाची जन्मतारीख म्हणून १८७९ लिहायचं असतं. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. मला मात्र ही गोष्ट नोकरी गेलेल्या एका माणसापासून सांगावीशी वाटते. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रुक या सहायकाला काढून टाकलं. दुर्बिणीतल्या तारेपलीकडे तारा केव्हा सरकला, याची त्याची नोंद साहेबांच्या नोंदीशी जुळत नव्हती, सुमारे ०.८ सेकंदाचा फरक पडत होता. पुढे पंचवीसेक वर्षांनी बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं ताडून पाहिलं, तर मुरलेल्या निरीक्षकांच्या नोंदींतही असाच फरक. डोळ्यांनी तारा बघायचा, कानांनी घड्याळाचा ठोका ऐकायचा आणि दोन्हींचा मेळ घालायचा, याला वेळ लागतो आणि तो माणसागणिक वेगळा असतो. बिचाऱ्या किनेब्रुकचा त्यात काही दोष नव्हता. वुंट यांच्या प्रयोगशाळेत असलाच वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजू लागले. वहीतला 'प्रतिक्रियाकाल' तो हा.

सज्जनगड जवळ असलेल्या गावात 'मनाचा विचार १८७९ ला सुरू झाला' असं कोणी म्हटलं तर लोक हसतील, आणि हसावंच. समर्थ मनाशी बोलले, त्याला समजावत राहिले. लाइपझिगच्या मंडळींनी घड्याळ लावून त्याची चाल मोजली. दोन्ही कामं निराळी आहेत, त्यांत कोण आधी अशी शर्यत लावण्यात अर्थ नाही.

मोजण्याचं हे वेड हेर्मान एबिंगहाऊस यांनी स्मृतीपर्यंत नेलं. प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः. अर्थ नसलेले सुमारे २,३०० शब्दतुकडे त्यांनी तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या, विसरल्या, पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी कष्ट किती वाचले ते मोजलं. तासाभरानं वाचणारे कष्ट ४४ टक्के, एका दिवसानं ३४ टक्के, महिन्यानं २१ टक्के. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोरात होते, नंतर मंदावते. हे १८८५ मध्ये छापून आलं. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्यांनी विस्मरणाचा वक्र निदान स्वतःसाठी तरी काढून बघावा.

'अभिजात अभिसंधान', म्हणजे एका गोष्टीच्या नुसत्या चाहुलीनं दुसरीची प्रतिक्रिया सुरू होणं, हा शब्द ऐकून दचकायला होतं, पण गोठ्यात वाढलेल्याला त्यात नवीन काही नाही. धार काढायच्या वेळी पेंडीच्या घमेल्याचा आवाज झाला की कासेला हात लागायच्या आधीच म्हैस पान्हवते. इव्हान पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांची लाळ मोजत असताना त्यांच्या लक्षात आलं की खाणं तोंडात पडण्याआधीच लाळ सुटते, नुसती खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी. एखाद्यानं हा प्रयोगातला व्यत्यय म्हणून सोडून दिला असता. पावलोव्ह यांनी उरलेलं आयुष्य त्याच्यामागे घालवलं. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी तर जाहीरच केलं की मनात डोकावणं बंद करा, दिसणारं वर्तन तेवढं अभ्यासा. १९२० मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली आणि ती घालवून दिली नाही. आज नीतिनियमांच्या प्रकरणात हे उदाहरण येतं, यायलाच हवं. त्याच वर्षी वॉटसन विद्यापीठाबाहेर पडले आणि जाहिरातीच्या धंद्यात गेले.

फ्रॉईड यांच्यावर सगळेच बोलतात, म्हणून त्यांना इथे वगळतो.

बुद्धिमापन मात्र आपल्या बरंच जवळ आलं. १९०५ ची आल्फ्रेड बिने यांची चाचणी पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून होती. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे खुद्द बिने यांना मान्य नव्हतं. तिच्या १९१६ च्या अमेरिकी आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी चाचणी बेतली. बिने-कामत हे नाव आजही दवाखान्यांच्या अहवालांत दिसतं.

आता भूकंपाकडे येतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. आजी सांगायची, आमच्या घराचं एक कौल हललं नव्हतं, तरी सगळी आळी कितीतरी दिवस अंगणात झोपली. रोज कोणीतरी 'उद्या याहून मोठा होणार' अशी खबर घेऊन यायचं.

ही झाली पाटण तालुक्यातली गोष्ट. पाटण्याची तिच्याही आधीची. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या वेळी पसरलेल्या अफवा गोळा केल्या, त्याही धक्का बसला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या : पाटणा अमुक तारखेला नाहीसं होणार, ग्रहणाच्या दिवशी महाभयंकर भूकंप येणार, पूर धावून येतोय. त्यांचा लेख १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या नियतकालिकात आला.

वीसेक वर्षांनी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर तो लेख वाचताना अडखळले. जी माणसं सुखरूप आहेत, ती आणखी भीती वाटेल असं का पसरवतील? त्यांना सुचलेलं उत्तर असं, की भीती आधीपासून होती आणि समोर तर काही पडलेलं नव्हतं. या न जुळणाऱ्या दोन गोष्टींना जुळवणारं कारण अफवेनं पुरवलं. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगला दरडी कोसळल्यावर जमवलेल्या अफवाही फेस्टिंगर यांनी ताडून पाहिल्या. तिथे विध्वंस डोळ्यांपुढेच होता, आणि पुढच्या संकटाची भाकितं जवळपास नव्हती. यातून १९५७ मध्ये बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त उभा राहिला. इंग्रजी नोट्समध्ये त्यालाच कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात.

२०१९ च्या महापुरात कोयनेच्या विसर्गाचे फुगवलेले आकडे मला सर्वांत जास्त पाठवले ते पुण्यात कोरड्या फ्लॅटमध्ये बसलेल्या नातेवाइकांनी. सांगलीतल्या मामेभावाचा एकही मेसेज नव्हता. तो गव्हाची पोती माळ्यावर चढवत होता.