बॅकगॅमन : प्रगत डावपेच

दोन फाशांवर दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ. पटावर २४ घरे, प्रत्येकाकडे १५ सोंगट्या. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणून ज्याच्या आधी बाहेर निघतात, तो जिंकतो. नागपूरच्या उन्हाळी दुपारी कूलरपुढे लुडो खेळून लागलेली पळण्याची सवय इथे आड येते. इथे आधी घरे बांधायची असतात. दोन सोंगट्या बसल्या की ते घर प्रतिस्पर्ध्याला बंद. एकटी सोंगटी मात्र मारली जाते आणि तिला पटाबाहेरून पुन्हा सुरुवात करावी लागते.

घरे आपल्या शेवटच्या टोकाकडून मोजायची. ३-१ चे पहिले दान पडले तर आठव्या व सहाव्या घरातली एकेक सोंगटी पाचव्यात आणावी. ४-२ ला चौथे आणि ६-१ ला सातवे घर बांधावे. सलग सहा घरांची भिंत झाली की तिच्यामागची सोंगटी अडकलीच, कारण एका फाशावर सातचे दान नसते. प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्या घरात आपल्या दोन सोंगट्या लवकर बसल्या, तर मार खाऊनही परत यायला जागा राहते.

एकटी सोंगटी सोडताना अंदाज नको, मोजणी हवी. दानाच्या शक्यता ३६. मारणारी सोंगटी ६ घरांवर असेल तर ११ दानांत सहा दिसतो. त्यात ५-१ आणि ४-२ ची प्रत्येकी दोन, ३-३ व २-२ चे एकेक (जोडीचे दान चारदा चालते) मिळवले की १७. मधली घरे बंद असतील तर हा आकडा घटतो. अंतर ७ झाले की फक्त ६. एका घराच्या फरकाने धोका जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सहाच्या आतच राहावे लागले, तर साधारणपणे जितके जवळ तितके बरे : १ च्या अंतरावर ११ दाने लागतात.

खरे नुकसान मात्र डबलिंग क्यूबवर, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायच्या फाशावर होते. एकाने दुप्पट मागितली की दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा एक गुण देऊन डाव सोडायचा. समोरच्याने दुप्पट मागितली आणि आपण चारही वेळा डाव सोडला, तर ४ गुण जातात. चारही वेळा स्वीकारून एकदाच जिंकलो, तरी ६ जाऊन २ येतात, तोटा तेवढाच. म्हणून जिंकण्याची शक्यता २५ टक्के असेल तर स्वीकारणे परवडते. एकही सोंगटी बाहेर न निघता हरलो तर दुप्पट गुण जातात. तो धोका दिसत असल्यास २५ टक्के पुरत नाहीत. निव्वळ शर्यत उरली असेल तर दोघांची उरलेली पावले मोजावीत (सुरुवातीला प्रत्येकी १६७). आपली १०० आणि समोरच्याची ११० असतील तर दुप्पट मागावी, त्यानेही स्वीकारावी; ११३ असतील तर त्याने सोडावे.

२०२५ चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकणाऱ्या दिव्या देशमुखच्या नागपुरात डाव लिहून ठेवायची सवय असलेली मुले पुष्कळ. ती सवय इथे तशीच उपयोगी पडते. दाने आणि चाली जीएनयू बॅकगॅमन या फुकट प्रोग्रॅममध्ये भरल्या की नशिबाचा आकडा वेगळा आणि चुकांचा वेगळा मिळतो. वेळेवर दुप्पट न मागण्याची चूकही त्यात उघडी पडते. खेळताना ती लक्षातही आलेली नसते.